शांत पाण्यासाठी कयाक: निवडीपासून पावसाळी साठवणीपर्यंत

शांत पाण्यावर फिरण्यासाठी स्वतःची कयाक, म्हणजे दोन्ही टोकांना पाती असलेल्या वल्ह्याने चालवायची छोटी होडी, घेणारे बहुतेक लोक उलट्या क्रमाने चालतात. आधी रंग आणि किंमत पाहून होडी पसंत केली जाते, मग ती गाडीच्या टपावर नीट बसत नाही हे लक्षात येते, मग जागा नाही म्हणून ती सोसायटीच्या गच्चीवर चढवली जाते, आणि दोन उन्हाळे तिथे काढल्यावर तिच्या तळाला पोचे पडलेले असतात व बैठकीचे पट्टे हाताने ओढले तरी तुटतात. तोवर ती पाण्यात फार वेळा गेलेलीही नसते. आपल्या हवेत प्लॅस्टिकची कयाक पाण्याने फारशी बिघडत नाही. ऊन, चुकीचा आधार आणि जमिनीवरची घसट यांनी ती बिघडते. म्हणून या लेखाची सुरुवात ठेवण्याच्या जागेपासून केली आहे आणि होडीचा प्रकार त्यानंतर येतो.

शांत पाणी म्हणजे येथे धरणांचे जलाशय, तलाव आणि खाडीचा मुखापासून दूर असलेला आतला भाग. उघडा समुद्र, वाहती नदी आणि पावसाळ्यातले कोणतेही पाणी यांसाठी हा लेख नाही. कोलाडजवळची कुंडलिका तर कोरड्या ऋतूतही शांत धरू नये, कारण वीजनिर्मितीसाठी सोडलेल्या पाण्याने तिचा प्रवाह वाढतो आणि तिथले राफ्टिंग त्याच पाण्यावर चालते.

## १. होडीआधी जागा मोजा

कडक कवचाची मनोरंजनाची कयाक साधारण ९ ते १२ फूट लांब, २८ ते ३४ इंच रुंद आणि १८ ते ३० किलो वजनाची असते. दहा फुटांची वस्तू बहुतेक इमारतींच्या लिफ्टमध्ये मावत नाही आणि जुन्या जिन्यात वळणावर अडकते. त्यामुळे दुकानात जाण्यापूर्वी टेप घेऊन जिन्याचे वळण, ठेवण्याच्या जागेची लांबी आणि गाडीच्या टपावरील कॅरिअरच्या दोन आडव्या दांड्यांमधले अंतर, ही मापे लिहून काढावीत. जागा सावलीची हवी. पार्किंगमधल्या भिंतीलगतची पट्टी, घराची पडवी किंवा जिन्याखालचा कोपरा चालतो. उघडी गच्ची चालत नाही. पार्किंगमध्ये ठेवायची असल्यास सोसायटीची संमती आधी घ्यावी, कारण होडी आणल्यानंतर सुरू झालेला वाद सहसा होडी गच्चीवर जाऊनच मिटतो.

दुसरा हिशेब पाण्याच्या काठाचा करावा लागतो. पावसाळा संपताना भरलेल्या जलाशयाचा काठ रस्त्याच्या बराच जवळ आलेला असतो, पण एप्रिल-मेमध्ये पाणी खाली गेले की गाडी थांबते तिथपासून पाण्यापर्यंत दगडगोट्यांची आणि शेवटी चिखलाची लांब उतरण पार करावी लागते. ही उतरण एकट्याने ओढत पार करणारा माणूस बेसॉल्टच्या धारदार दगडांवर होडीचा तळ पहिल्याच वर्षी घासून काढतो.

तपासा: वीस लिटरचा भरलेला पाण्याचा जार दोनशे पावले उचलून नेऊन पाहावा. त्याचे वजन साधारण वीस किलो भरते. ते जड जात असेल आणि सोबत नेहमी दुसरा माणूस नसेल, तर एकतर चाकांची ढकलगाडी घ्यावी लागेल किंवा हवेची, म्हणजे हवा भरून फुगवायची कयाक.

## २. कोणत्या पाण्यात जाणार ते ठरवा

पवना, मुळशी, पानशेत, भंडारदरा यांसारख्या जलाशयांवर आणि तारकर्लीजवळच्या कर्ली नदीत किंवा गोव्यातल्या साळ नदीत वेगवेगळ्या गोष्टींचा त्रास होतो. जलाशयावर वाऱ्याचा होतो आणि खाडीत भरती-ओहोटीचा.

सह्याद्रीतले जलाशय सकाळी स्तब्ध असतात, पण उन्हाळ्यात दुपारनंतर दरीतून वारा सुटतो. सकाळी जाताना सहज पार केलेले अंतर परतताना समोरून वारा आल्यावर दुप्पट वेळ घेते. पाण्यावर ठिकठिकाणी पांढरा फेस फुटू लागला, म्हणजे वाऱ्याचा वेग ताशी साधारण १२ ते १९ किलोमीटरपर्यंत गेला आहे असे धरावे आणि रुंद, बुटक्या मनोरंजनाच्या कयाकने तोवर काठाला आलेले असावे.

खाडीत आधी भरतीची वेळ पाहावी. कोकणात तिथीची पाऊणपट करून पूर्ण भरतीची वेळ काढतात: चतुर्थीला चाराची पाऊणपट तीन, म्हणजे सुमारे तीन वाजता, अष्टमीला सहाच्या सुमारास. हा अंदाज आखणीसाठी पुरतो, मात्र निघण्याच्या दिवशी त्या बंदराचे छापील भरती-कोष्टक पाहिलेच पाहिजे. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपासच्या उधाणात ओहोटीची ओढ जोरदार असते, तेव्हा नवख्याने भांगाचे, म्हणजे अष्टमीच्या आसपासचे कमी ओढीचे दिवस निवडावेत. ओहोटीच्या शेवटी परतणे ही खाडीतली नेहमीची चूक आहे. होडी काठापासून बरीच दूर चिखलात रुतते आणि उतरून चालावे तर गुडघाभर गाळ व त्यातली कालवांची धारदार शिंपले पाय कापतात.

परवानगीचा प्रश्न लोक शेवटी विचारतात, तो आधी विचारावा. जलाशय हे सार्वजनिक मैदान नव्हे. महाराष्ट्रातील बहुतेक धरणे जलसंपदा विभागाच्या ताब्यात आहेत, काही वीज कंपन्यांकडे आहेत, आणि काही काठ लष्करी हद्दीत येतात. खडकवासल्याचा एक काठ राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीकडे आहे. स्थानिक कार्यालयात आणि गावात चौकशी केल्याशिवाय होडी उतरवू नये. धरणाची भिंत, सांडवा आणि पाणी खेचणारे मनोरे यांच्या जवळपास परवानगी असली तरी फिरकू नये.

सावधान: सांगलीजवळची कृष्णा, चिपळूणची वाशिष्ठी आणि गोव्यातला कुंभारजुवे कालवा येथे मगरींचा वावर आहे. पाण्याशी बरोबरीने बसावे लागणाऱ्या होडीने तिथे हौसेखातर जाऊ नये. इतरत्रही काठावरच्या मासेमारांना विचारावे. पाणी कुठे कसे वागते आणि जाळी कुठे लावली आहेत, दोन्ही त्यांना ठाऊक असते.

## ३. प्रकार निवडा

पर्याय मुख्यतः तीन आहेत. सिट-ऑन-टॉप कयाकमध्ये माणूस वरच्या खळग्यात बसतो आणि आत आलेले पाणी आरपार भोकांतून खाली निघून जाते. सिट-इनमध्ये पाय होडीच्या पोटात जातात. तिसरी हवेची. आपल्याकडचे पाणी उबदार असते आणि पाय ओले होण्याचे दुःख कोणाला नसते, त्यामुळे पहिली कयाक घेणाऱ्याने ठोस कारण नसेल तर सिट-ऑन-टॉपच घ्यावी. ती उलटली तर माणूस बाजूला पडतो, होडी पुन्हा सुलटी करता येते आणि कडेवरून पोटावर रेलून वर चढता येते. सिट-इन उलटली की तिच्या पोटात शंभर-दीडशे लिटर पाणी सहज शिरते, म्हणजे तेवढेच किलो वजन. खोल पाण्यात ते एकट्याने उपसणे जवळजवळ अशक्य आहे. सिट-इनच घ्यायची असेल, तर बैठकीच्या मागे आणि पायांच्या पुढे बंदिस्त कप्पे आहेत का ते पाहावे. पुढचा कप्पा नसेल तर तिथे हवेच्या पिशव्या बांधणे सक्तीचे समजावे.

हवेची कयाक म्हणजे खेळणे, हा समज स्विमिंग पूलमधल्या पातळ रबरी होड्यांमुळे झाला आहे. जाड पीव्हीसीची, निदान तीन स्वतंत्र हवाकप्पे असलेली आणि खाली दिशा धरणारा पर असलेली कयाक जलाशयावर व्यवस्थित चालते. ती वाऱ्याने अधिक ढकलली जाते आणि प्रत्येक वेळी वाळवावी लागते, या दोन गैरसोयी मान्य असतील तर फ्लॅटमध्ये राहणाऱ्या आणि लहान गाडी असलेल्या माणसाला तिच्याइतका सोयीचा पर्याय नाही.

दोन माणसांची कयाक 'कधी कोणी सोबत आले तर' या विचाराने घेऊ नये. ती एकट्याला उचलता येत नाही, एकटा मागे बसला की तिचे नाक वर उचलले जाते आणि वारा तिला फिरवतो. सोबत नक्की असेल तरच ती घ्यावी, नाहीतर एकेकाच्या दोन होड्या बऱ्या.

साहित्यात नवख्यासाठी पॉलिथिलीन हे प्लॅस्टिक योग्य. सिंटेक्सच्या पाण्याच्या टाक्या ज्या रोटोमोल्डिंगच्या पद्धतीने तयार होतात त्याच पद्धतीने या होड्या तयार होतात. जड असतात, पण दगडावर आपटल्या तरी सहसा ओरखड्यावर निभावते. फायबरच्या होड्या ताठ आणि देखण्या असल्या तरी खडकाळ काठावर त्यांचा वरचा लेप टवके उडून जातो. तळ सपाट किंवा दोन्ही बाजूंना उतरते पाट असलेला असावा. असा तळ बसताना-उठताना हेलकावत नाही. होडी सरळ जावी म्हणून मागे पर किंवा मधोमध लांब खाच असेल तर उत्तम.

## ४. वजनक्षमता आणि बसण्याची कसोटी

लेबलवरचा आकडा म्हणजे होडी बुडण्याच्या आधीची मर्यादा असे समजून लोक त्याच्या अगदी जवळ जातात. प्रत्यक्षात त्या आकड्याच्या ६५ ते ७० टक्क्यांपर्यंतच भार ठेवला तर होडी हलकी चालते, आणि सिट-ऑन-टॉपच्या भोकांतून उलटे पाणी वर येत नाही. समजा लेबलवर १२० किलो लिहिले आहे. मग उपयोगाचा भार ७८ ते ८४ किलो. माणूस ७२ किलोचा, चार लिटर पाणी, डबा, कोरड्या कपड्यांची पिशवी, लाइफ जॅकेट आणि ओले झालेले कपडे धरले की हा आकडा ओलांडलाच. अशा माणसाने १४० किलोच्या पुढची होडी पाहावी.

रुंदी वाढली की स्थैर्य वाढते, पण ३४ इंचांच्या पुढे बुटक्या माणसाचे कोपर प्रत्येक वेळी काठाला घासते. तासाभराच्या फेरफटक्याला दहा फुटी पुरते. लांबचे पल्ले मारायचे असतील तर बारा फुटीच घ्यावी.

मग दुकानातच होडी जमिनीवर ठेवून तिच्यात किमान वीस मिनिटे बसावे. विक्रेता कंटाळला तरी हरकत नाही. पाय टेकण्याच्या खुंट्या सरकवून गुडघे किंचित वाकलेले राहतील अशा लावाव्यात, पाठीचा पट्टा ताणावा आणि वल्हवण्याची हालचाल करून पाहावी. कंबरेला मुंग्या येणे, टाच घसरणे किंवा मांडीखाली कडा रुतणे या तक्रारी वीस मिनिटांत दिसतात. पाण्यात गेल्यावर त्या दुपटीने जाणवतात.

## ५. वापरलेली कयाक घेत असाल तर

रिसॉर्टवाल्यांकडच्या जुन्या कयाक स्वस्तात मिळतात आणि चकाकी आणलेल्या वरच्या भागाकडे पाहून घेतल्या जातात. पाहायचे असते ते खालून. होडी उलटी करून मागच्या टोकाशी उकिडवे बसावे आणि एक डोळा मिटून तळाची मधली रेघ पुढच्या टोकापर्यंत न्याहाळावी. रेघ वाकडी असेल किंवा मध्ये बुडाली असेल, तर ती होडी सरळ जाणार नाही. नंतर मागच्या टोकाच्या टाचेवर अंगठा दाबावा. ओढून नेलेल्या होड्या याच ठिकाणी सर्वाधिक झिजतात, आणि अंगठ्याखाली भाग आत जात असेल तर तिथे प्लॅस्टिक फारसे उरलेले नाही.

सिट-ऑन-टॉपमध्ये आरपार भोकांच्या नळ्या, म्हणजे वरचा भाग आणि तळ जिथे एकमेकांना जोडलेले असतात ती ठिकाणे, सर्वांत नाजूक. झाकण उघडून आत टॉर्च मारावा आणि प्रत्येक नळीच्या मुळाशी केसासारखी चीर आहे का ते पाहावे. भोकांत खुंट्या घालून उचलणारी ढकलगाडी वापरलेली असेल तर अशा चिरा हमखास सापडतात. शेवटी नख घासून पाहावे. खडूसारखी भुकटी सुटली आणि रंग फिका पडलेला असला, की त्या प्लॅस्टिकने वर्षानुवर्षे ऊन खाल्ले आहे. असे प्लॅस्टिक ठिसूळ होते आणि त्यावर कोणतीही दुरुस्ती टिकत नाही.

तपासा: निचऱ्याचे बूच काढून आत बादलीभर पाणी ओतावे, बाहेरून होडी कोरडी पुसावी, बूच लावून ती या कुशीवरून त्या कुशीवर हळूहळू फिरवावी. जिथे ओल उमटेल तिथे खडूने खूण करावी. मालक हे करू देत नसेल तर व्यवहार थांबवावा.

## ६. वल्हे आणि लाइफ जॅकेट

होडीवर सगळे पैसे खर्च करून वल्हे सर्वांत स्वस्त घेण्याची पद्धत आहे. दिवसभर हातात राहणारे तेच. २८ ते ३२ इंच रुंदीच्या होडीला २३० सेंटिमीटरचे, त्याहून रुंद होडीला २४० सेंटिमीटरचे वल्हे ठीक पडते. आखूड घेतले की प्रत्येक खेपेला बाजूला वाकावे लागते आणि गुडघ्यांवर पाणी सांडते. दांडा दोन तुकड्यांचा असावा, म्हणजे गाडीत मावतो. धरताना वल्हे डोक्यावर आडवे टेकवून कोपर काटकोनात येतील तिथे पकड ठेवावी. पात्यावरची अक्षरे सुलटी आणि आपल्याकडे तोंड करून असावीत. पाती उलटी धरून तासन्‌तास वल्हवणारे आणि वल्ह्याला दोष देणारे लोक प्रत्येक जलाशयावर दिसतात.

लाइफ जॅकेट फिरायला आलेल्या प्रवाशांना वाटतात त्या सैल, चौकोनी नारिंगी प्रकाराचे घेऊ नये. पोहता येणाऱ्या आणि काठाजवळ राहणाऱ्या माणसाला किमान ५० न्यूटन उत्प्लावकतेचे (म्हणजे पाण्यावर तरंगवून धरण्याच्या जोराचे), खांद्यांशी मोठी मोकळीक असलेले जॅकेट पुरते. पोहता येत नसेल तर १०० न्यूटनचे, डोके वर धरणारे जॅकेट घ्यावे आणि एकट्याने जाऊच नये.

तपासा: जॅकेट घालून सगळे पट्टे आवळावेत आणि दुसऱ्याला खांद्यांजवळ धरून ते वर ओढायला सांगावे. ते हनुवटीपर्यंत सरकत असेल तर माप चुकले आहे.

## ७. गाडीच्या टपावर बांधणे

नायलॉनची दोरी ताणली जाते आणि ओली झाल्यावर आणखी सैलावते. ट्रकवाले वापरतात त्या खटक्याच्या रॅचेट पट्ट्यांनी उलट बाजूने अपाय होतो. जोर नकळत इतका लागतो की तापलेल्या टपावर होडीच्या पोटाला खोच पडते. धातूच्या साध्या बकलचे, हाताने ओढायचे पॉलिएस्टरचे पट्टे वापरावेत आणि क्रम असा ठेवावा:

१. कॅरिअरच्या दांड्या शक्य तितक्या दूर लावाव्यात आणि गाडीच्या पुस्तिकेत टपाला किती भार सांगितला आहे तो पाहावा. त्यात कॅरिअरचेही वजन मोजावे लागते.

२. होडीतले बैठक, बाटली, दोर हे सगळे काढून होडी पालथी आणि मधोमध ठेवावी.

३. पट्टा होडीवरून टाकून दांडीखालून घ्यावा, पुन्हा होडीवरून परत आणून दुसऱ्या बाजूच्या दांडीखालून बकलात घालावा. हाताच्या जोराने घट्ट करावा, गुडघा टेकवून नाही. दुसऱ्या दांडीवर हेच.

४. पट्ट्याला एक पीळ द्यावा. वाऱ्यात त्याचा घरघराट होत नाही.

५. पुढच्या आणि मागच्या टोकाला एकेक दोर बांधून गाडीच्या टोइंग हुकांना अडकवावा. हे पाऊल सगळे गाळतात, आणि समोरून भरधाव ट्रक गेल्यावर होडीचे नाक वर उचलले जाते ते याच कारणाने.

६. मागे बाहेर आलेल्या टोकाला लाल फडके बांधावे.

आता होडी धरून हलवावी. होडीबरोबर गाडी हलली पाहिजे. दहा-पंधरा किलोमीटरवर थांबून पट्टे पुन्हा पाहावेत, कारण पहिल्या काही गतिरोधकांनंतर ते हमखास सैलावतात. वाटेत जेवायला थांबून गाडी उन्हात उभी राहणार असेल तर पट्टे सैल करून ठेवावेत आणि निघताना पुन्हा आवळावेत. निघताना आवळायचे विसरू नये म्हणून गाडीची किल्ली बकलाला अडकवण्याची सवय चांगली आहे.

## ८. पहिल्यांदा पाण्यात

पहिल्या दिवशी कुठेही जायचे नसते. छातीएवढ्या पाण्यात, माहीतगार सोबत्यासह, जॅकेट घालून मुद्दाम उलटून पाहायचे असते. सिट-ऑन-टॉप उलटल्यावर तिच्या पालथ्या तळावरून हात पलीकडे टाकून पट्टा किंवा आरपार भोक धरावे आणि स्वतःचे वजन मागे टाकून ती आपल्याकडे सुलटी करावी. मग मधोमध आडवे येऊन पाय पाण्यात झाडत पोट बैठकीवर न्यावे, अंग फिरवून पाठ टेकवावी आणि शेवटी पाय आत घ्यावेत. घाईने आधी बसायला जाणारा दुसऱ्या बाजूने पडतो. दमलेल्या अवस्थेत हे जमते का, ते कळण्यासाठी सराव निघतानाच्या वेळीही एकदा करावा.

काठावर होडी उतरवताना ती पूर्ण तरंगली की मगच बसावे. अर्धी जमिनीवर आणि अर्धी पाण्यात असताना बसले की सगळे वजन मागच्या टाचेवर येते.

मासेमारांच्या जाळ्यांचे थर्माकोलचे तुकडे किंवा रिकाम्या बाटल्या तरंगताना दिसल्या तर त्यांच्या रांगेला वळसा घालावा. उन्हाळ्यात पाणी उतरले की बुडालेल्या गावांचे अवशेष पृष्ठभागाच्या जवळ येतात. उजनीच्या फुगवट्यातले पळसदेवचे देऊळ पूर्ण उघडे पडले की दिसते तरी; वीतभर पाण्याखालचे जुने बांध आणि झाडांचे बुंधे दिसत नाहीत.

## ९. परतल्यावर, त्याच दिवशी

काठ सोडण्याआधी होडी उपडी करून पाणी काढावे आणि भोकांत, पराभोवती, बैठकीखाली अडकलेल्या जलपर्णीचा प्रत्येक तुकडा तिथेच काढून टाकावा. जलपर्णी एका तुकड्यापासूनही पसरते, आणि पवना-इंद्रायणीवरून निघालेली होडी पुढच्या रविवारी स्वच्छ जलाशयात ती घेऊन जाते.

घरी गोड्या पाण्याने धुवावे. खाडीतून आल्यावर यात टाळाटाळ नको: पाय टेकण्याच्या खुंट्यांची पटरी, बैठकीचे बकल, झाकणांचे रबर आणि वल्ह्याचा सांधा येथे मीठ व वाळू साचते. वल्हे जोडलेले तसेच ठेवले की सांधा आवळून बसतो आणि मग दोन माणसे दोन टोकांना ओढत राहतात. डाग असतील तर भांड्यांचा सौम्य द्रव साबण पुरतो; पेट्रोल, रॉकेल किंवा थिनर लावू नये. चकाकीसाठी गाडीच्या डॅशबोर्डचे पॉलिश फासणेही टाळावे. यूव्हीपासून बचाव करणारा पाण्यात मिसळणारा द्रव मिळतो, तो ऋतूच्या सुरुवातीला व मध्ये लावावा. जॅकेटच्या चेनला मेणबत्ती घासली की ती अडत नाही.

हवेची कयाक उन्हात काठावर काढली की थोडी हवा सोडावी. तापलेली हवा प्रसरण पावते आणि शिवण त्या ताणाने उसवते. भरताना दाब कप्प्यावर छापलेला असेल तितकाच ठेवावा. पंपावर मापक नसेल तर तो पंप बदलावा.

## १०. दुरुस्ती

ओरखडे सुटे धागे होऊन लोंबत असतील तर धारदार पात्याने कापावेत, बाकी सोडून द्यावे. पोचा पडला असेल तर होडी तासभर उन्हात ठेवून किंवा त्या जागी गरम पाणी ओतून आतून दाबावे आणि जागेवर आल्यावर थंड पाणी टाकावे.

चिरेसाठी लोक प्रथम एम-सील किंवा फेव्हिक्विक काढतात. पॉलिथिलीनला यांतले काहीही धरून राहत नाही. सुकल्यावर पापुद्र्यासारखे सुटते, आणि नंतर वेल्डिंग करायचे तर आधी ते खरवडून काढावे लागते. योग्य मार्ग असा: चिरेच्या दोन्ही टोकांना तीन मिलिमीटरचे भोक पाडावे, म्हणजे चीर पुढे सरकत नाही, आणि पाण्याच्या टाक्यांचे प्लॅस्टिक वेल्डिंग करणाऱ्याकडून त्याच जातीच्या प्लॅस्टिकच्या कांडीने ती भरून घ्यावी. फायबरच्या होडीला मात्र रेझिन आणि काचतंतूची चटई लागते, हे काम फायबरच्या होड्या बांधणारे कारागीर करतात.

हवेच्या कयाकमधली गळती साबणाच्या पाण्याने शोधावी, बुडबुड्यांभोवती पेनने वर्तुळ काढावे. सायकलच्या ट्यूबचे सोल्युशन रबरासाठी असते, पीव्हीसीवर टिकत नाही. पीव्हीसीचाच डिंक आणि भोकापासून सर्व बाजूंनी दोन इंच पुढे जाणारे गोल ठिगळ वापरावे; चौकोनी ठिगळाचे कोपरे उचकटतात. हवा काढून, पृष्ठभाग पुसून, दोन्हीकडे डिंक लावून तो चिकट होईपर्यंत थांबावे, मग दाबावे. चोवीस तास हवा भरू नये.

## ११. जून ते सप्टेंबर

या चार महिन्यांत होडी बाहेर काढायची नसते, पण बरेच नुकसान याच काळात होते. ठेवताना ती पालथी किंवा कुशीवर असावी, आणि आधार दोन्ही टोकांपासून लांबीच्या साधारण पाव अंतरावर, चार बोटे रुंदीच्या पट्ट्यांचा किंवा फोम लावलेल्या लाकडाचा असावा. पकडण्याच्या मुठींना दोर बांधून छताला टांगलेली होडी मध्ये वाकते. तळावर सपाट ठेवली तर दर आठवड्याला जागा थोडी बदलावी.

निळी ताडपत्री होडीभोवती घट्ट गुंडाळू नये; आत वाफ कोंडते आणि पट्ट्यांना बुरशी येते. वर आडोसा करून बाजूने वारा खेळता ठेवावा. झाकणे किंचित उघडी आणि बूच काढलेले असावे. पोटात पाणी साचत नाही ना हे पाहावे, कारण त्यात डासांच्या अळ्या होतात आणि महापालिकेची माणसे तपासणीला येतात तेव्हा बोलणी खावी लागतात. उंदीर खाण्याचे काही नसले तरी बैठकीचा फोम कुरतडतात, त्यामुळे बैठक काढून वेगळी ठेवावी. हवेची कयाक दोन दिवस पंख्याखाली वाळवून, टाल्कम पावडर लावून सैल घडी करावी.

ऑक्टोबरमध्ये होडी काढताना आधी पोटात टॉर्च मारावा. गांधीलमाश्यांनी आत घर केलेले असण्याची शक्यता असते आणि हात घातल्यावर ते समजणे महागात पडते. नंतर सगळे पट्टे ओढून पाहावेत, झाकणांचे रबर बोटाने दाबावे, चीर गेलेले असेल तर बदलावे. जॅकेटचा फोम मुठीत दाबल्यावर कुरकुरत असेल किंवा पूर्वस्थितीत येत नसेल, कापड विटून हाताने फाटत असेल, तर ते जॅकेट वापरातून काढावे. काढलेले जॅकेट कोणाला देऊ नये आणि कचऱ्यात तसेच टाकू नये; पट्टे आणि फोम कापूनच टाकावे, म्हणजे ते चांगले आहे असे समजून दुसरे कोणी पाण्यात घालून जाणार नाही.